कंपनी नानांचा उघडा टप

बसावयास दिलेली वस्तू प्रथम उलटी करून पाहिल्याखेरीज तिच्यावर बसावयाचे नाही, असा नियम पाळणारा मनुष्य मी माझ्या आयुष्यात एकच पाहिला. सुरतेच्या कचेरीबाहेर निंबाखाली मी अर्जनवीस म्हणून बैठक मांडली, त्याच वर्षी हे गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी स्टूल पुढे केले. त्यांनी ते उचलले, उताणे केले, खालची फळी बारकाईने न्याहाळली आणि विचारले, "कंपनीनं शे का?" त्यांच्या अहिराणीत याचा अर्थ, कंपनीचे आहे काय. मी म्हटले, सुताराने केलेले आहे. त्यांनी स्टूल होते तेथे ठेवले आणि सबंध अर्ज उभ्याने सांगितला.

सुरतेच्या नवागाम भागातील समस्त खानदेशी वस्ती त्यांना 'कंपनी नाना' म्हणे. त्यांना त्याचा राग येत नसे; राग न येण्याचे कारण असे की, त्यांच्या मते ही पदवी होती. छत्री, कंदील, कुलूप, औषधाची बाटली, जे हाती येई ते उलटे होई. एकदा एका मुलीच्या स्थळाबद्दल चर्चा चालली असता नानांनी मुलाचे शिक्षण, शेती, वय काहीही न विचारता 'नोकरी कंपनीत आहे का' एवढेच विचारले, आणि मुलगा ग्रामपंचायतीत आहे असे कळताच हळहळ व्यक्त केली.

तारुण्यात ते नंदुरबारकडून सुरतेस आले आणि एका गिरणीवाल्या शेठकडे ड्रायव्हर झाले. शेठने नवी मोटार घेतली तेव्हा जुनी, बंद टपाची जीप नानांना अल्प किमतीत दिली. ती भाड्याने फिरवून नानांनी घर चालविले. पत्नी लवकर वारली होती. सुमन नावाची एकुलती एक मुलगी त्यांनी त्या जीपच्या पुढच्या आसनावर बसवूनच वाढविली, असे म्हटले तरी चालेल. जीपविषयी त्यांचा एकच दावा असे : "कंपनीतून निघाली तशी आहे. बाहेरचा एक स्क्रू नाही हिला." हा दावा मी कधी तपासला नाही. तपासण्यासारखे दावे मजकडे पुष्कळ येत.

या जीपमध्ये मात्र एक मोठी उणीव होती. तिच्या टपावर कॅरियर नव्हते. चलथाणच्या साखर कारखान्यावर उसतोडीची माणसे नेणे असो की खानदेशात लग्नाचे वऱ्हाड पोहोचविणे असो, सर्व सामान माणसांच्या अंगावर रचावे लागे. हंडे गुडघ्यांत, गाद्या डोक्यावर, ट्रंका पायांखाली. एका नवरीची मावशी आंदणातला पाटा मांडीवर घेऊन थेट नवापूरपर्यंत बसून गेली. वाटेत ती कण्हू लागली तेव्हा नाना मागे न पाहता म्हणाले, "मावशी, जपून धरा. पाट्याला काही लागलं तर नवरदेवाकडचे मला बोलतील."

पुढे सुमनचे लग्न झाले. जावई रघुनाथ हा नवागामातच वेल्डिंगचे दुकान चालवी. खिडक्यांच्या जाळ्या करी, यंत्रमागांचे मोडलेले भाग जोडून देई. मुलगा कष्टाळू, अबोल. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो निंबाखाली आला आणि माझ्यादेखत नानांना म्हणाला, "मामा, टपासाठी कॅरियर करून देतो. अँगलचं. वर हत्ती बसला तरी हलणार नाही."

येथून त्या प्रकरणास तोंड लागले. नानांनी तत्काळ जाहीर केले की, कॅरियर बसविणे तर कंपनीचेच बसवीन. माझ्या बैठकीभोवती रोज दोन पक्ष पडू लागले, आणि दोन्ही पक्षांची बाजू मी निःपक्षपातीपणे ऐकून घेत असे. कंपनीचे कॅरियर पातळ पाइपचे, राखी रंगाचे, टपाच्या कडेच्या पन्हळीला चिमट्यांनी पकडणारे. टपास भोक पडत नाही, पाणी गळत नाही, गाडीस शोभा येते. परंतु त्यावर चार बोचक्यांहून जास्त चढवू नये, असे खुद्द कंपनीच सांगे. रघुनाथचे कॅरियर लोखंडी अँगलचे, टपास भोके पाडून बोल्टांनी आवळावयाचे. त्यावर मांडवासकट लग्न चढले असते. परंतु वजन इतके की, जीप चालते की कॅरियर चालते, असा प्रश्न पडावा. लोकमत रघुनाथच्या बाजूचे होते, कारण लोकांच्या मांड्या दुखत होत्या.

"जावईबापू," नाना समजावणीच्या स्वरात म्हणत, "तुमचा हात चांगला आहे. पण कंपनी ती कंपनी."

"मामा, कंपनीतसुद्धा कोणी तरी हातानंच जोडत असेल ना?"

"असेल. पण तो हात कंपनीचा असतो."

रघुनाथ यावर काही बोलत नसे. बोलता येत नसणे हा त्याचा स्वभाव होता आणि सासऱ्यास उलट न बोलणे ही रीत. दोन्ही एकत्र आल्याने वाद लवकर संपे.

नानांच्या सांगण्यावरून मी कंपनीच्या सुरतेतील एजंटास एक विनंतीपत्र लिहिले. ते पत्र माझ्या उत्तम पत्रांपैकी आहे. त्यात मी जीपच्या टपाची अवस्था अशा शब्दांत वर्णिली होती की, वाचणाऱ्यास एखाद्या अनाथ बालकाची आठवण व्हावी. एजंट गुजराती गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचले, पानाची पिचकारी टाकली आणि हसत म्हणाले, "आवशे, काका, आवशे." येईल, येईल. त्यानंतर नाना दर आठवड्यास जात आणि दर आठवड्यास तेच उत्तर आनंदाने घेऊन येत. माल न येण्याने एखादे गिऱ्हाईक इतके सुखावते, हे मला तेव्हा खटकावयास हवे होते.

पुढच्या वर्षी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली असता, सुमन माझ्याकडे आली. डोक्यावरचा पदर सारखा करीत ती उभीच राहिली.

"काका, नानांना माझ्या घरची लाज वाटते का?"

"छे! असा आरोप करण्यास आधार काय?"

"सासूबाई रोज म्हणतात. सगळ्या नवागामाच्या खिडक्यांना माझ्या पोराच्या जाळ्या चालतात, तुझ्या बापाच्या खटाऱ्याला तेवढं त्याचं लोखंड चालत नाही. मी काय सांगू त्यांना? आणि हे तर बोलतच नाहीत. रात्री जेवताना ताटाकडे बघत बसतात." तिचा आवाज चढला. "नानांना सांगा, टप असा उघडा आहे तोवर मी आखाजीला यायची नाही."

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. खानदेशी घरात त्या दिवशी लेक आली नाही, तर पुरणपोळी होते, सण होत नाही. नानांच्या घरी तर पुरण घालणारीही तीच होती.

हा निरोप पोहोचविण्यासाठी मी नानांबरोबर मुद्दाम कामरेजपर्यंत जीपमधून गेलो. तेथे नाक्यावर चहा घेताना मी त्यांना सर्व सांगितले आणि वर सुनावले, "नाना, एका पाइपच्या तुकड्यासाठी आपण लेक तोडीत आहात."

नानांनी बशी खाली ठेवली.

"वकीलसाहेब," ते म्हणाले. मी वकील नाही. परंतु ती चूक दुरुस्त करीत बसण्याइतका वेळ मला कधीच मिळाला नाही. "जावयानं पैसे घेतले असते का?"

"सासऱ्याकडून? मुळीच नाही."

"मग फुकटच ना? आंडेरना घरनं पानी चालत नई, तं तिना घरनं लोखंड कसं चाली?"

आंडेर म्हणजे लेक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीस मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न-पाणी घ्यावयाचे नाही, ही जुनी चाल नाना अक्षरशः पाळीत होते. नवागामात गेले तर दारातच उभे राहत आणि सुमनने तांब्या आणला की 'आत्ताच पिऊन आलो' म्हणत. पाण्याचा घोट ज्यांनी घेतला नाही, ते मणभर लोखंड कसे घेणार?

"मग हे रघुनाथला स्पष्ट सांगावयाचे!"

"सांगितलं तर तो बिचारा पैसे घेईल. आणि सगळं नवागाम बघेल की, सासऱ्यानं जावयाच्या हातावर मजुरी ठेवली. त्याची मान खाली, पोरीची खाली." त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. "त्यापेक्षा कंपनी बरी. कंपनीच्या नावानं काहीही बोलता येतं. कंपनीला राग येत नाही."

मी गप्प बसणारा मनुष्य नाही. कायद्यात प्रत्येक अडचणीवर वाट असते, असे मी अशिलांना सांगत आलो आहे. मी तोडगा काढला : कॅरियर मी विकत घ्यावे, आणि मग मी ते नानांस विकावे. नाना लेकीच्या घरचे घेणार नाहीत, माझे घेतील. रघुनाथ सासऱ्याचे पैसे घेणार नाही, माझे घेईल. निर्दोष व्यवहार! दुसऱ्याच दिवशी मी रघुनाथच्या दुकानी जाऊन कॅरियरची मागणी नोंदविली. त्याने काळी काच डोळ्यांवरून वर सरकविली.

"काका, तुमच्याकडे गाडी कुठे आहे?"

"घेण्याचा विचार आहे."

"घ्या. मग करून देतो. आणि तुम्ही मामांचे मित्र. तुमच्याकडून पैसे घेतले तर सुमन मला घरात घेईल का?"

अशा रीतीने कायदा हरला.

आखाजीस सुमन आली नाही. नानांनी मात्र रिवाजाप्रमाणे चाळीपुढच्या झाडाला झोका बांधला. शेजारच्या मुली झोके घेऊन गेल्या, तेव्हा ते स्वतः जाऊन त्यावर बसले. मी समोरच होतो. झोक्याची फळी त्यांनी उलटून पाहिली नाही. मला त्या माणसाची काळजी वाटली ती त्या दिवशी.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुमनला मुलगी झाली. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झाले. बारशास नानांनी मला बरोबर घेतले. साक्षीदार असावा, एवढेच म्हणाले. घर बायकांनी भरलेले होते. नाना उंबऱ्याशी आले, क्षणभर थांबले, आणि आत शिरून चक्क सतरंजीवर बसले.

"सुमन," ते म्हणाले, "पाणी दे."

सासूबाई बोलत होत्या, त्या थांबल्या. पाळण्याची दोरी धरलेली बाईही थांबली. सुमन आत गेली आणि पितळी पेला भरून घेऊन आली. नानांनी तो एका दमात संपविला. मग सवयीने उलटा केला.

सुमन त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. "कंपनीनं शे का, नाना?"

पेल्याच्या अंगावर, तळाजवळ, आंदणाच्या भांड्यांवर घालतात तसे देणाऱ्याचे नाव कोरलेले होते. नानांचेच.

"नई," नाना म्हणाले. "मनं शे."

माझे आहे. आणि हे वाक्य पुरे होण्याच्या आत त्यांनी तो पेला पुन्हा पाण्यासाठी पुढे केला. सुमनने रागाने तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि पदराने डोळे पुसत आत गेली. दुसरा पेला सासूबाईंनी आणून दिला. तो पिऊन झाल्यावर नाना दाराकडे वळून म्हणाले, "जावईबापू, गाडी बाहेर उभी आहे. टपाचं माप घ्या."

रघुनाथने जे कॅरियर केले, ते पाहून यंत्रमागवाल्यांनी त्याला विचारले म्हणतात की, यात सूत कुठून घालावयाचे. ते बसविल्यावर जीप चढावर कण्हू लागली. चलथाणच्या पुढे मोकळ्या वाऱ्यात ते शीळ घाली. उसाच्या शेतातील माणसे 'नाना आले' असे गाडी दिसण्यापूर्वीच सांगत. बोल्टांच्या भोकांतून पावसाळ्यात मागच्या आसनावर धार लागे. एका उतारूने तक्रार केली तेव्हा नानांनी त्याच्या हाती आपली छत्री दिली. "कंपनीची आहे," ते म्हणाले, "जपून वापरा." कॅरियरविरुद्ध त्यांनी अवाक्षर काढले नाही, काढूही दिले नाही.

आणि मग, दैवाची गंमत पाहा, एजंटाचा माणूस धावत आला : "आव्युं, काका, आव्युं!" आले, आले! मागविलेला माल नाकारणे नानांच्या अब्रूत बसत नव्हते. त्यांनी तो घेतला आणि माझ्या बैठकीवर चार बांबूंच्या आधाराने उताणा बांधून दिला. त्यावर ताडपत्री टाकून मी कित्येक उन्हाळे सावलीत काढले. कंपनीच्या छत्राखाली बसणारा अर्जनवीस सुरतेत मीच.

नानांना दिसेनासे होऊ लागले तेव्हा त्यांनी जीप कामरेजच्या एका मुकादमास विकली. ताबा देण्याच्या दिवशी, माझ्या बैठकीपुढेच, रघुनाथ पाने घेऊन टपावर चढला आणि बोल्ट काढू लागला. मुकादम ओरडला, "अहो, सौदा कॅरियरसकट ठरलाय!"

"गाडी माझी," नाना म्हणाले. "कॅरियर लेकीच्या घरचं. वापरायला आणलं होतं. तिचं तिच्याकडे जाईल."

"मग मी काय भोकं विकत घेतली?"

नाना विचारात पडले. मग माझ्याकडे वळले. मी त्यांची नजर ओळखली आणि कागद आवरावयास घेतले. अर्ध्या तासात माझी ताडपत्री जमिनीवर आली, आणि माझ्या डोक्यावरचे छत्र मुकादमाच्या टपावर चढले. "नवंच आहे," नाना त्याला सांगत होते, "आजवर एक बोचकं चढलेलं नाही. कंपनीचं आहे!" एवढ्या आनंदाने ते शब्द उच्चारताना मी त्यांना शेवटचे पाहिले. पुढच्या थंडीत ते गेले.

रघुनाथचे कॅरियर आता त्याच्या गच्चीवर आहे. सुमन त्यावर मिरच्या वाळविते. पाऊस येवो की वारा, ते हलत नाही. मी आखाजीच्या सुमारास तिच्याकडे एक चक्कर टाकतो. ती न विचारता पाणी आणते, त्याच पितळी पेल्यातून. मी पाणी पितो आणि पेला उलटा करून पाहतो. रोजच्या घासण्याने नाव झिजत चालले आहे. अजून वाचता येते.