गुरूचे आठ चंद्र

“विठू, गुरूला चंद्र किती रे?” गणूमामांनी भर देवळाच्या अंगणात मला विचारलं.

“पुष्कळ आहेत मामा. दुर्बिणीतून दिसतात ते चार.”

“मग हे आठ कुठनं आले?”

मी दुर्बिणीला डोळे लावले. वर एक गुरू, चार चंद्रांसकट. त्याच्या जरा खाली दुसरा गुरू, तोही चार चंद्रांसकट. दुर्बीण त्याच दिवशी दुरुस्त होऊन आली होती. आणि दुरुस्त करणारा शहाणा मीच होतो.

पंच्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. मी मॉरिशसमधल्या फिनिक्स गावी मिस्ये, म्हणजे श्रीयुत, लींच्या दुकानात कामाला होतो. चष्मे, कॅमेरे, दुर्बिणी असं सगळं आम्ही दुरुस्त करायचो. मॉरिशसमध्ये दुर्बीण बाळगणारा माणूस बहुतेक घोड्यांच्या शर्यतीचा शौकीन. शनिवारी आवडता घोडा मागे पडला की दुर्बीण आपटायची आणि सोमवारी आमच्याकडे यायची. आमचं दुकान त्या रागावर चालायचं म्हणा ना.

दुर्बीण पडली की काय होतं ते सांगतो. दोन डोळ्यांच्या दोन नळ्या असतात आणि प्रत्येक नळीत काचेचे दोन लोलक. धक्क्याने एखादा लोलक केसभर हलला की दोन्ही नळ्या एकाच जागी बघत नाहीत. मग एकाच्या जागी दोन दिसतात. बाहेरच्या कातड्याखाली बारीक स्क्रू असतात, ते फिरवून दोन्ही चित्रं एकावर एक आणायची. याला आम्ही अलाइनमेंट म्हणायचो. आमच्या खिडकीतून समोरच्या फॅक्टरीची चिमणी दिसायची. ती एक दिसली की काम झालं.

गणूमामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. कांप दे मास्क गावात भाजीपाला पिकवायचे आणि संध्याकाळी देवळाच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घ्यायचे. वर्गात दहा-बारा बायका, बहुतेक सगळ्या कपड्यांच्या फॅक्टरीत शिवणकाम करणाऱ्या. मामा मराठीत विचारायचे, बायकांना सगळं कळायचं, आणि उत्तर यायचं क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या रोजच्या बोलीत. त्यात सावित्री पहिली. ती तर हजेरीलासुद्धा मराठीत ‘हो’ म्हणायची नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या प्रेसिडेंटसाहेबांना हे खटकत होतं. त्यांचं म्हणणं, कोणी बोलतच नाही तर वर्ग कशाला? बंद करा, ज्यांना हौस असेल त्या फिनिक्सच्या वर्गाला येतील. आता दिवसभर मशीनवर बसून आलेली बाई बस बदलत फिनिक्सला कशाला येते? वर्ग गेल्यातच जमा होता आणि मामांची झोप उडाली होती.

म्हणून मामांनी युक्ती काढली. गुरुवारी अंधार पडल्या पडल्या सगळ्यांना गुरू दाखवायचा. प्रेसिडेंटना बोलवायचं आणि प्रत्येक बाईने आपण काय पाहिलं ते दोन वाक्यांत मराठीत सांगायचं. बायकांनी वाक्यं पाठ केली होती. ‘हा गुरू आहे. त्याला चार चंद्र दिसतात.’ एवढ्यात मामांची दुर्बीण शिडीवरून पडली आणि दुरुस्तीला माझ्याकडे आली.

“मिस्ये, झालं,” मी गुरुवारी दुपारी म्हणालो.

“चिमणी बघितलीस?” मिस्ये लींनी मान वर न करता विचारलं.

“बघितली. एकच आहे.”

“बोन, छान. मग जा घेऊन.”

ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे थंडीचे दिवस. उसाच्या वर पूर्वेला गुरू असा ठसठशीत उगवला होता की मामांचे डोळे भरून आले. हात थरथरला तर चंद्र दिसत नाहीत, म्हणून अंगणाच्या कठड्यावर अर्धं पोतं तांदूळ ठेवून त्यावर दुर्बीण रोवली. पहिला मान सावित्रीला. तिने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पाठ केलेलं सगळं विसरून ओरडली, “आयो! विट लालिन!”

आठ चंद्र! तेही क्रेओलमध्ये. मामांनी कपाळाला हात लावला.

प्रेसिडेंटसाहेबांनी स्वतः वाकून आठ मोजले. मग हॉलच्या दारातून फळ्याकडे पाहिलं. तिथे मामांच्या वळणदार अक्षरात ‘चार’ लिहिलेलं होतं. “गणूमास्तर,” ते गोड आवाजात म्हणाले, “मराठी राहू द्या, आधी आकडे शिकवा.”

तेव्हाच मामांनी मला चंद्र किती ते विचारलं. मी डोळे लावले तर खरंच आठ. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. देवळात दर्शनाला आलेली एक म्हातारी तर खुशीत म्हणत होती, “आठ हायत तर आठ! आपल्याला काय, बरंच झालं की!” गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचली असती. मामांची गेली असती.

“मास्तर बरोबर आहेत, साहेब,” मी म्हणालो. “चूक माझी आहे. गुरू एकच, चंद्र चारच. मी दुरुस्त केलेली दुर्बीण एकाचे दोन दाखवतेय.”

बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. चिमणी! उभीच्या उभी, गुळगुळीत, एका रंगाची. तिचा शेंडा आमच्या खिडकीतून दिसतच नव्हता. डावी-उजवी चूक असेल तर चिमण्या शेजारी शेजारी दोन दिसणार. पण वर-खाली चूक असेल तर चिमणीवर चिमणीच सरकणार, कळणार काय कपाळ! थोडी चूक डोळा स्वतःच सांभाळून घेतो आणि शर्यत दोन मिनिटांत संपते, त्यामुळे गिऱ्हाइकांनीही कधी तक्रार केली नव्हती.

“इथेच जुळवतो,” मी म्हणालो. “पण बारीक स्क्रूड्रायव्हर पाहिजे.”

सावित्रीने पर्समधून शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात ठेवला. मी कातड्याची कड उचलली. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. डोळा लावणार कुठून?

“सावित्री, तू बघ आणि मला सांग.”

तिने डोळे लावले. मी स्क्रू जरा फिरवला.

“आनबा,” ती म्हणाली. क्रेओलमध्ये ‘खाली’.

“मराठीत, पोरी, मराठीत!” मामा काकुळतीला आले.

मी आणखी फिरवला, पण नेमका उलट्या बाजूला. आणि मग सावित्री भडकली.

“अरे, वर कुठे नेतोस? खाली आण म्हणते ना! खाली! अजून खाली! हळू, मेल्या, हळू! मशीनचा बॉबीन हाय काय तो? आता थांब... थांब म्हणते ना! गेला बघ पुढे! हात हायत का फावडं?”

ही भाषा पाठ केलेली नव्हती. तिची आजी तिला घरात याच भाषेत झोडायची, हे तिने नंतर सांगितलं. बाकीच्या बायकांनाही चेव आला. एक म्हणाली, “सावित्री, सरक, मला बघू दे, तुला नाय जमत.” दुसरी म्हणाली, “तू गप ग, टॉर्च धर त्याचा!” मी आपला निमूट शिव्या खात स्क्रू फिरवत होतो.

“हां! बस! हात काढ!” सावित्री ओरडली. “एक झाला! गुरू एक झाला! आणि चंद्र... एक, दोन, तीन, चार!”

मामा खाली मान घालून उपरण्याने डोळे पुसत होते. प्रेसिडेंटसाहेब रांगेत उभे राहिले, आणि कठडा सोडायला उशीर केला म्हणून दोघींकडून मराठीत बोलणी खाऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी मिस्ये लींना सगळं सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि चिमणी पाहून आले.

“आत्तापर्यंत किती दुर्बिणी केल्यास?”

“पुष्कळ, मिस्ये.”

“कोणाला सांगू नकोस,” ते म्हणाले, आणि समोर फॅक्टरीच्या भिंतीवर चुन्याचा एक पांढरा ठिपका काढायला मला पाठवलं.

आठवड्याने मंडळाचा कागद आला. मामांनी तो फ्रेम करून फळ्याशेजारी लावला. त्यात एवढंच होतं: ‘कांप दे मास्कचा वर्ग चालू ठेवावा. तिथल्या बायका मराठीत भांडू शकतात.’

तेव्हापासून मी दुर्बीण ठिपक्यावर तपासतो. आणि कोणाला भाषा येते का असं कोणी विचारलं, तर त्याला आधी थोडं चिडवून पाहतो.