मुठीतलं शास्त्र

माझ्या हातची गाठ सुटत नाही, हे आमच्या गावात सर्वांना मान्य आहे. बाजेची दोरी असो, शेळीचं दावं असो की लग्नाचा मांडव असो, गाठ मी मारली की लोक निर्धास्त होतात आणि विळा शोधायला लागतात. (शेजाऱ्यांच्या मांडवाचा एक कोपरा लग्नानंतर पाच दिवस तसाच उभा होता. त्यात माझा दोष नाही, विळा बोथट होता.)

म्हणून पोरीच्या धनुष्याची मूठ बांधायची वेळ आली, तेव्हा हे काम माझंच, याबद्दल मला तरी शंका नव्हती.

धनुष्य केलं होतं माझ्या वडिलांनी. आबांनी जन्मभर मेंढरं राखली, त्यांना लाकूड कळतं. शाळेत धनुष्य एक आणि पोरी अकरा, हे ऐकून त्यांनी नातीसाठी धामणीचं लाकूड आणलं, तासलं, काचेच्या तुकड्याने महिनाभर खरवडलं. धनुष्य देखणं झालं, पण मूठ नको तेवढी गुळगुळीत. आमची आशू नववीत. तिच्या हाताला घाम सुटला की धनुष्य हातातल्या हातात फिरायचं आणि बाण निशाण सोडून खेळाच्या बाईंच्या स्कूटीकडे निघायचा. आणि दुसऱ्याच दिवशी परभणीला जिल्ह्याची निवड होती. त्यासाठी पोरगी वर्षभर पहाटे उठत होती. तिला भूक लागेना, झोप येईना. "मूठ फिरली की गेलं सगळं," एवढंच म्हणायची.

"आबा, तुमी बसा. मूठ मी बांधतो," मी म्हणालो.

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग धनुष्याकडे. कीव कुणाची करावी, हे ठरत नसावं. "बांध. पर दाभण घेऊन बस."

हे दाभण कशाला, ते सांगतो. मुठीवर आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी. तिच्यावर मेण लावलेली सुती दोरी, वळशाला वळसा चिकटून. शेवटच्या काही वळशांखाली दाभण आडवं ठेवायचं. वळसे झाले की दाभण ओढून काढायचं, त्या पोकळीतून दोरीचं टोक सारायचं आणि खेचायचं. झालं. सोपं काम आहे, फक्त दाभण लागतं. ते आतल्या खोलीत पोत्यांवर होतं, म्हणजे माझ्यापासून दहा पावलांवर. एवढ्यासाठी दहा पावलं कोण चालणार! माझ्या खिशात मोटारसायकलची चावी होती.

"आशू, मोबाईल धर. व्हिडिओ काढ. पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकू, लोकांना शिकायला मिळंल."

इथेच घात झाला. समोर मोबाईल आला की मला बोलायला सुचतं. मी आमच्या घराण्यातल्या गाठींचा इतिहास सांगितला. आजोबांनी बांधलेली घोंगड्यांची गाठोडी सांगितली. हात वळसे घालत होते, तोंड चालू होतं. शेवटी "ही बघा आपली गाठ" म्हणत मी नेहमीची गाठ कचकन आवळली आणि दोरीचं उरलेलं टोक दाताने तोडलं.

आबांनी मूठ हातात घेतली, अंगठा फिरवला. "बरी झाली. पर हितं टेंगूळ कशाचं?"

मी दाबून पाहिलं. टेंगूळ होतं खरं. कशाचं, ते मलाही कळेना. पण व्हिडिओ चालू होता.

"मुद्दाम ठिवलंय, आबा. अंगठ्याला टेकण पायजे. शास्त्र हाय ह्याच्यामागं."

"शास्त्र," आबा म्हणाले आणि त्यांनी तंबाखूची डबी काढली.

आशूने मात्र धनुष्य उचललं आणि भुसा भरलेल्या पोत्यावर तीन बाण सोडले. तिन्ही मधोमध. धनुष्य तसूभर फिरलं नाही. "पप्पा, लय भारी बसायलंय हातात," ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. मला भरून आलं. मी तो व्हिडिओ न बघताच ग्रुपवर टाकला. आमच्या गावात रेंजचा आनंद असल्यामुळे तो जाईना, नुसता गोल फिरत राहिला.

सकाळी चावी सापडेना.

मी खिसे पाहिले, खुंटी पाहिली, देवघर पाहिलं. मग मी दुसऱ्यांचे दोष शोधायला घेतले, कारण ते काम मला जास्त जमतं. "शोभा, तू काल माझी पँट धुतलीस."

"पँट तुमच्या अंगावर हाय," बायको म्हणाली. "आन दुसरी चावी कुठं गेली?"

(दुसऱ्या चावीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात एक विहीर आहे.)

मग माझा संशय शेळीवर गेला. मी तिचं तोंड उघडून पाहायला गेलो, तिने उघडू दिलं नाही. म्हणजे पाणी मुरत होतं. आबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. "तिला परभणीला न्यायाची का चौकशीला?" त्यांनी विचारलं.

आशू धनुष्य छातीशी धरून दारातच उभी होती. "पप्पा, ऱ्हाऊ द्या ना चावी. यष्टीनं जाऊ. चला लवकर." पोरगी किती समजूतदार, असं मला वाटलं.

यष्टीत मी ते धनुष्य मांडीवर आडवं धरून बसलो. त्याचं एक टोक एका मावशींच्या पिशवीत आणि दुसरं कंडक्टरच्या बरगडीत. "ह्याचं अर्धं तिकीट काढायचं का?" त्याने विचारलं. मी त्याला मुठीचं शास्त्र समजावून सांगितलं. तो पुढच्या दाराकडे गेला, तो परभणी येईपर्यंत मागे आला नाही.

मैदानावर पोरी ओळीने उभ्या होत्या. पहिल्या तिघींची निवड होणार होती. दोन फेऱ्या झाल्या आणि आशू तिसरी. आता शेवटचे तीन बाण. त्यात खिशातला मोबाईल थरथरायला लागला. परभणीची रेंज लागून व्हिडिओ गेला होता आणि पाहुणे धडाधड उत्तरं देत होते. मी न वाचताच खूश झालो.

तेवढ्यात निवड करणाऱ्या बाई आशूचं धनुष्य हातात घेऊन आल्या. त्यांचा अंगठा नेमका तिथेच थांबला. "मुठीत हे काय आहे? कुणी बांधली मूठ?"

"मी," असं म्हणून मी पुढे झालो. "अंगठ्याचं टेकण आहे ते, मॅडम. शास्त्र आहे. थांबा, व्हिडिओच दाखवतो."

चार-पाच पालकही जमले. मानवतचे एक गृहस्थ तर चष्मा लावून जवळ आले. बाईंनी व्हिडिओ शांतपणे पाहिला, थोडा मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"तुमची काही वस्तू हरवली आहे का?"

"गाडीची चावी. तुम्हाला कसं कळलं?"

बाईंनी मोबाईलकडे बोट केलं. पडद्यावर मी घराण्याचा इतिहास सांगत होतो आणि माझेच हात माझी चावी वळशावळशाने पुरत होते. खाली पाहुण्यांची उत्तरं होती. साडूंनी नुसता मोटारसायकलचा फोटो टाकला होता.

"काढून टाकतो, मॅडम, आत्ता काढतो." मी दोरीला नखं लावली. गाठ हलली नाही. माझीच होती.

"पप्पा, हात लावू नका!" आशू ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला कालच कळलं व्हतं. मोबाईल मीच धरला व्हता ना."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी सोडून परत बांधली असती. परत आत काय घातलं असतं, भरोसा न्हाई."

बाईंनी मूठ पुन्हा चाचपली. "टोचत नाही ना? मग राहू दे."

मला सकाळपासूनचं सगळं आठवलं: बायको, पँट, बिचारी शेळी. पोरीने माझी फजिती निमूट पाहिली होती, कारण तिच्या हाताला जे बसलं होतं ते तिला सोडायचं नव्हतं. पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवून मागे सरलो. आशूने चावीवर अंगठा टेकवला, श्वास घेतला आणि तीन बाण सोडले. तिन्ही मधल्या पिवळ्या वर्तुळात. ती दुसरी आली. मी भर मैदानात रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गाडीचं कुलूप आता नवं आहे. नवी चावी शोभाने स्वतःच्या पदराला बांधली आहे, गाठही तिनेच मारली आहे. जुनी चावी मुठीतच आहे. आबा तिला अजून शास्त्र म्हणतात.

परवा मानवतच्या त्या गृहस्थांचा फोन आला. "साहेब, आमच्या पोराच्या धनुष्यालाबी तसलीच मूठ बांधून द्या. कधी येऊ?"

"केव्हाही या," मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणालो. "फक्त येताना यष्टीनं या."