मामाने दाबलेलं कुलूप

उघडं कुलूप लोंबताना दिसलं की माझ्या मामाचा हात आपोआप जातो. खट्. मग दोन हिसके देऊन तो घशातल्या घशात म्हणतो, "हं." कुलूप शेजाऱ्यांच्या फाटकाचं असो, नाहीतर परक्याच्या सायकलीचं! तीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, जित्याची खोड.

पण गेले सहा महिने बारीक काम आलं की तो गिऱ्हाइकाला सांगतो, "उद्या या, सामान संपलंय." सामान फळीवर भरलेलं असतं. त्याने चहा उचलला की बशी वाजते, त्यावरून मला कळलं. हात थरथरतो त्याचा. मामीला पत्ता नाही, मित्रांना तर नाहीच.

त्या रविवारी पोस्टमनकाका आणि शिंपीकाका या दोन मित्रांबरोबर तो पडके महाल बघायला निघाला. मामीने मला बरोबर धाडलं आणि त्याची अवजारांची पिशवी हिसकावून घेतली. "एक दिवस तरी हा खुळखुळा घरी राहू दे!" मामा "बरं" म्हणाला. एरवी पिशवीशिवाय तो कोपऱ्यापर्यंतही जात नाही.

छप्पर उडालेल्या पहिल्या दालनापुढे पोस्टमनकाका नाकात बोलले, "मालक घर सोडून गेले, पत्र परत!" शिंपीकाकांनी भिंतीवरून बोट फिरवलं. "शिवण बघा कशी सरळ! आताचे गवंडी नुसता कच्चा टाका मारतात."

तळघराच्या जिन्याला नवं लोखंडी गजांचं दार होतं, उघडंच. कडीत कुलूप लोंबत होतं. शिंपीकाका एकटेच आत डोकावायला गेले. मामा पोस्टमनकाकांच्या गप्पा ऐकत मागून आला, त्याने दार ओढलं, कडी घातली. खट्. दोन हिसके. "हं."

"अरे, मी आत आहे!"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. शिंपीकाका एकदा लिफ्टमध्ये वीस मिनिटं अडकले होते, तेव्हापासून बंद जागेत त्यांचा श्वास कोंडतो. चौथ्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकालाही कपडे जिन्याने पोचवतात. किल्लीवाला चौकीदार जेवायला गेलेला. पाटीवरचा त्याचा नंबर लागेना, तसे पोस्टमनकाका त्याला शोधायला धावले.

"उघड की रे," शिंपीकाका गजांना नाक लावून म्हणाले. एरवी गिऱ्हाइकांना "झालंच समजा" हे ते चांगलं ताणून म्हणतात. आता प्रत्येक शब्द तुटत होता. "हेच... काम... ना तुझं?"

"अवजारं घरी आहेत."

"पिना घे!" कॉलरला टोचलेल्या दोन सेफ्टी पिना गजांतून बाहेर आल्या.

मामाने एक वाकवली, दुसरी सरळ केली. कुलपावर पिन टिकटिकटिक वाजली आणि पडली. उचलली. पुन्हा टिकटिकटिक. शिंपीकाका ओरडायच्या बेतात होते, पण त्यांचं लक्ष मामाच्या हाताकडे गेलं.

"हे कधीपासून?"

"सहा महिने."

"आणि मला सांगतोस डोळे तपासून घे म्हणून? गाढवा!"

मामाने पिना परत आत दिल्या. "शिंप्या, हात बाहेर काढ. वाकडी पिन किल्लीच्या भोकात खाली घालून ताण धर. गळा आवळू नकोस तिचा, सुई धरतोस तशी धर." आणि कुलपाला कान लावून त्याने डोळे मिटले. "सरळ पिनेने आतली कळ वर ढकल. हळू. बसली एक."

"श्वास..."

"माझ्याबरोबर घे. आत. सोड. आता पुढची."

दुसरी बसली. तिसरीला पिन सटकली आणि सगळ्या कळा खाली आल्या. शिंपीकाकांचे ओठ पांढरे पडले होते. मी पोस्टमनकाकांची वाट बघत होते. रस्ता रिकामाच.

"पुन्हा," मामा म्हणाला. "मी ऐकतोय ना? सोड श्वास. एक. दोन. थोडं मागे ये, मागे. तीन."

टक्.

शिंपीकाका बाहेर आले ते खालीच बसले, सदरा घामाने चिकटलेला. तेवढ्यात पोस्टमनकाका चौकीदाराला ओढत आले. कुलूप कडीत उघडं लोंबत होतं. मामाचा हात पुढे गेलाच.

शिंपीकाकांनी मनगट पकडलं आणि सोडलं नाही.

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो."

"मला काही झालेलं..."

"चौथ्या मजल्यावर बसतो तो. जिन्याने जाऊ."