सिंहांच्या गुहेत

मी भाचीला घरी न्यायला गेले, तेव्हा चर्चच्या व्हरांड्यात रविवारची शाळा रंगात आली होती. प्रार्थना सोडत नाही म्हणून सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाची गोष्ट चालली होती. "सिंह कोण होणार?" बाईंनी विचारलं, तर झाडून सगळे हात वर! दानीएल व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं. शेवटी बाईंनी रूथला मधे बसवलं. फाटकातल्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही भिणारी पोर ती. तिने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि भोवती डरकाळ्या सुरू झाल्या.

त्या गदारोळात सगळ्यात धाकटा सिंह, म्हणजे माझी भाची, स्वतःच घाबरली आणि रडत रडत रूथच्याच मांडीत जाऊन बसली. रूथने एक डोळा उघडला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रडू नको गं. मी आहे ना!" म्हणताना तिचे स्वतःचे ओठ थरथरत होते.

मी आजवर समजत होते, की आधी भीती जाते आणि मग धीर येतो. कसलं काय! धीर येतो तो भीतीलाच जरा सरकायला सांगतो आणि तिच्या शेजारी ऐसपैस बसतो.

सिंह डरकाळ्या विसरून रूथकडे बघू लागले. मग एकदम गलका उठला, "बाई, आता मी दानीएल! बाई, मी!"