हत्तीचं कार्ड

चार महिन्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी माझी बायको वारली. मुलीच्या वाढदिवसाचं कार्ड ती दर वर्षी रबरी ठशांनी घरीच करायची. उद्या मुलगी पुण्याहून येते आहे, वाढदिवसही उद्याच. यंदा कार्ड चुकू नये म्हणून मी ठसे घेऊन बसलो. हत्तीच्या ठशाला शाई लावली आणि कचेरीत आयुष्यभर शिक्के मारले तसाच कागदावर ठोकला. हत्तीला दोन सोंडा आल्या. चिडून पुन्हा ठोकला, तर सगळा हत्तीच शाईत बुडाला.

शेजारच्या वहिनी बघत होत्या. "अहो भाऊजी, ही काय कचेरी आहे का? नुसता टेकवा आणि सरळ उचला."

कळतं, पण हात ऐकत नाही. आता एकच कोरा कागद उरला आहे.