सरुबाईच्या हाताला येणाऱ्या मुंग्या

सरुबाईचा निरोप मिळाला म्हणून हनीफ वायरमन पंचवटीत श्यामलाकाकूंच्या घरी पोचला, तेव्हा ती रडवेली होऊन दारातच उभी होती. बारा वर्षांचं धुण्याभांड्याचं काम, आणि काकूंनी तिला सकाळीच सांगितलं होतं, “उद्यापासून येऊ नको.”

“वॉशिंग मशीनला हात लावला की हिला म्हणे मुंग्या येतात,” काकू म्हणाल्या. “मग मला कशा येत नाहीत? कामाचा कंटाळा, दुसरं काय!”

“देवाशपथ येतात हो!”

करंट लागतो म्हणणाऱ्याला हनीफ कधी खोटं म्हणत नसे. त्यानं दोघींच्या पायांकडे पाहिलं. काकूंच्या टाचा दुखायच्या, म्हणून घरातही रबरी सपाता. सरुबाई चपला बाहेर काढून ओल्या मोरीत अनवाणी वावरायची.

त्यानं मेन स्विच बंद करून सॉकेट उघडलं. अर्थिंगची वायर आलीच नव्हती. न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचाच, एक तुकडा अर्थिंगच्या पिनेला जोडून दिला होता. तुकड्याचा पीळ डावरा होता. हनीफही डावराच. अठरा वर्षांपूर्वी, नवशिका असताना, वायर कमी पडली म्हणून त्यानंच ही पळवाट काढली होती. आता बोर्डातला न्यूट्रलचा जोड सैल झाला होता, आणि परत जाणारा करंट मशीनच्या पत्र्यावर उतरत होता.

गुपचूप जोड घट्ट करून ‘काही दोष नाही’ म्हटलं असतं, तर कोण बघायला येणार होतं? पण मग सरुबाईचं काय?

“काकू, मावशी खरं बोलतात. चूक माझी आहे. तुमच्या पायात रबर आहे, म्हणून तुम्हाला कळलं नाही. न्यूट्रल पूर्ण तुटली असती, तर यांच्या जिवावर बेतलं असतं.”

काकूंनी सरुबाईचा हात धरला. म्हणाल्या, “सरू, चुकले गं मी. रामरायानं राखलं तुला.”

दुपारपर्यंत हनीफनं तो तुकडा काढून टाकला, मीटरपासून अर्थिंगची नवी हिरवी वायर ओढली, न्यूट्रलचा जोड घट्ट केला. मेन स्विच आणि मशीन चालू करून टेस्टर लावून पाहिला, मग अल्लाचं नाव घेऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि मशीनवर दोन्ही तळवे टेकवले. काही नाही.

मग सरुबाईनं हात लावला आणि तिला हसू फुटलं. “काकू, आता कंटाळा आला तर तो खरा समजा हं!”

“येशील ना उद्या?”

“न येऊन सांगते कुणाला!”

हनीफ मात्र हसला नाही. “मावशी, इथलं वायरिंग केलं त्या वर्षी या आळीतली आणखी चार घरं मीच केली होती.”

“आळीत आणखी दोन घरी मी भांडी घासते,” सरुबाई म्हणाली. “तिथं कुठं कुठं मुंग्या येतात, मला ठाऊक आहे. इथंच कुणी ऐकेना, तिथं काय बोलणार? चल, दाखवते.”