अक्काचं दही आणि सोळा इंची चाकं

अक्काने मला घातलेली अट दह्याची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिसगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की सात किलोमीटर आत तिची वस्ती. दोन वर्षांपूर्वी तिची पाठ धरली, दणके सोसेनात, आणि तिने गाडीत बसणंच सोडलं. हिवाळाभर तरी तिने भिंगारला माझ्याकडे येऊन राहावं, हे मी दर फेरीला बोलून दाखवत होते. शेवटी वैतागून ती म्हणाली, "हे बघ धाकटे, मी कवडीचं दही लावून देते. तुझ्या घरापातूर कवडी मोडली न्हाई, तर मी आले. मोडली, तर परत नाव काढायचं न्हाई."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तू न्हाई सांगायची. मास्तरीण हायेस."

मातीच्या भांड्यात लावलेलं, उलटं केलं तरी न सांडणारं ते दही. ती ते डब्यात अलगद ठेवून देई. पहिल्या दोन फेऱ्यांना घरी येईपर्यंत त्याचं पाणी पाणी झालं. दोन्ही वेळा मी फोन करून खरं ते सांगितलं.

टायर तसेही बदलायला आले होते. त्याच आठवड्यात, मुलांनो, तुम्ही परदेशातल्या तुमच्या नव्या गाडीचा फोटो पाठवला होता. मोठी चकचकीत चाकं आणि त्यांच्याभोवती बारीक काठासारखा टायर. नगरच्या दुकानदाराने मला तसंच काहीतरी दाखवलं. "मॅडम, तुमची चौदा इंची काढून सोळा इंची टाका, लो प्रोफाइल टायर. गाडी रस्त्याला चिकटून चालते."

दोष त्याचा नाही. मी हो म्हटलं ते माझ्याच डोक्यातल्या बैलगाडीमुळे. आमच्या वडिलांच्या गाडीचं चाक माझ्या खांद्याएवढं होतं. लहान चाक खड्ड्यात पडतं, मोठं चाक खड्डा ओलांडून जातं, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. शिवाय इंग्रजीत दोन लेख वाचून त्यांतली सोयीची वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित केली होती. बाकीची वाक्यं मी वाचली नव्हती, असं म्हणणार नाही.

करंजीच्या घाटात दुकानदाराचं बोलणं पटलं. वळणावर गाडी जराही कलत नव्हती. पण तिसगावहून आत वळले आणि रस्त्यावरचा एकेक खडा थेट माझ्या दाढांशी बोलू लागला. अक्का अंगणात उभी होती. तिने चाकांकडे पाहिलं. "लई झकास. लग्नाला चाललीस का?" तरी दही दिलंच.

परतताना, वस्तीपासून जेमतेम दोन किलोमीटरवर, एका मोरीच्या कडेला खड्डा चुकला नाही. एरवी अशा वेळी धप्प वाजतं. या वेळी ठण् वाजलं. स्टिअरिंग थरथरू लागलं. गाडी हळूहळू हाकत मी तिसगावात आणली आणि पंक्चरच्या दुकानापुढे उभी केली.

दुकानदार पन्नाशीचा, मिशा पिकलेला. त्याने टायरच्या कुशीवरून, म्हणजे बाजूच्या रबरावरून, हात फिरवला. तिथे लिंबाएवढा फुगा आला होता आणि रिमची कड आत वाकली होती.

"आजी, ह्याला टायर कोन म्हनंल? ही तर धाव हाय."

तुम्ही हा शब्द ऐकला नसेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी तापवून चढवतात, ती धाव. त्याचा आजा सुतार होता, धावा चढवायचा. "लोखंड न् दगूड. मधी काय न्हाई. दनका सगळा गाडीत."

"पण चाक मोठं आहे ना? मोठं चाक खड्ड्यात कमी जातं."

"मोठं हाय म्हंता? मोजा की."

पर्समध्ये शिवणाची टेप असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी वाकून मोजलं. जमिनीपासून वरपर्यंत तेवीस इंच. मग माझी स्टेपनी मोजली, जुन्या चौदा इंची चाकाची. तीही तेवीस इंचच. आतलं लोखंड वाढलं होतं आणि तेवढंच रबर सगळीकडून इंचभर घटलं होतं. बाहेरून चाक होतं तेवढंच. चाळीस वर्षं मुलींना 'नीट वाचा, मग लिहा' सांगणारी मी टेप हातात धरून उभी राहिले.

त्याने स्टेपनी चढवेपर्यंत मी डबा उघडला. आत ताक.

"एवढं घुसळलंय, लोनी बी निघंल," तो म्हणाला आणि मी दिलेलं ताक पेलाभर पिऊनही घेतलं.

जुनी चाकं मी कोठीच्या खोलीत चादरीत गुंडाळून, 'पुढचं डावं', 'मागचं उजवं' अशा चिठ्ठ्या लावून ठेवली होती. त्यांच्यावर जाड कुशीचे नवे टायर चढवले. गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच हवा भरली. पुढच्या फेरीला आतल्या रस्त्यावर मी वीसच्या वर गेले नाही. मागून आलेल्या ट्रॅक्टरने हॉर्न वाजवला, तेव्हा बाजूला थांबून त्याला पुढे जाऊ दिलं.

घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवला. झाकण काढायला हात होईना. मग काढलं. कवडी जशीच्या तशी, वर अक्काच्या बोटाची खूणसुद्धा.

मी फोन लावला. "मोडली नाही."

"पानी सुटलंय का?"

ही एकच गोष्ट लपवावीशी वाटली. "काठाला. चमचाभर."

पलीकडे तिने आधी कोंबड्या हाकलल्या. मग ती म्हणाली, "चमचाभर तर माझ्या चुलीपाशी बी सुटतंय. ये गुरुवारी. उशी आन."

अक्का आली त्याला आता दीड महिना झाला. येताना त्या मोरीपाशी गाडी जराशी आपटली, तेव्हा मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. "धप्प वाजलं," ती म्हणाली. "चालू दे."

वाकलेल्या रिमवर तिने कोरफडीची कुंडी ठेवली आहे. रोज सकाळी ती फाटकापर्यंत जाऊन येते, परवापासून दोन वेळा. तुम्ही नाताळात याल तेव्हा मीच विमानतळावर येणार आहे. फक्त पुढच्या सीटवरून भांडू नका. ती आता अक्काची आहे.